पाळी आठ तासांची, दिवस बारा तासांचा

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाच्या तासांबाबत एक निर्णय घेतला. कामगाराकडून एका दिवसात जास्तीत जास्त ९ तास काम घेता येईल ही मर्यादा १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी देण्यात आली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सरकारने सांगितले. कामगार संघटनांनी विरोध केला, मालकांच्या संघटनांनी स्वागत केले. वर्तमानपत्रांतून उलटसुलट चर्चा झाली. ही सारी चर्चा कारखान्याच्या फाटकाच्या आतली होती. हजेरी लागल्यापासून पाळी सुटेपर्यंतचे तास सगळ्यांनी मोजले. घराचा उंबरठा ओलांडल्यापासून हजेरी लागेपर्यंतचे आणि पाळी सुटल्यापासून घरी पाय टेकेपर्यंतचे तास मात्र फारसे कोणी मोजले नाहीत. हे तास कोणाचे? मालकाचे की कामगाराचे? त्यांचा खर्च कोणी सोसायचा? आणि त्या वाटेवर माणूस मेला तर त्याची जबाबदारी कोणाची?

हे प्रश्न साधे वाटतात, पण आपल्या समाजाच्या जगण्याशी त्यांचा थेट संबंध आहे. कारण कामाच्या ठिकाणापासून लांब कोणी राहायचे, हे या देशात कधीच आपोआप ठरलेले नाही.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर या प्रश्नासाठी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मराठवाड्यात उद्योगांचे शहर म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पहिली औद्योगिक वसाहत रेल्वे स्टेशनलगत झाली, दुसरी चिकलठाण्याला. ऐंशीच्या दशकात नगर रस्त्यावर वाळूजची वसाहत उभी राहिली आणि १९८५ मध्ये बजाजचा कारखाना तेथे सुरू झाला. पुढे जालना रस्त्यावर शेंद्रा आले. त्यानंतर दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ऑरिक आले. त्याच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. आता पैठण रस्त्यावरील बिडकीनची पाळी आहे. हा क्रम नीट पाहावा. उद्योगांची प्रत्येक नवी वसाहत आधीच्या वसाहतीपेक्षा शहरापासून लांब गेली. स्टेशनची वसाहत पायी गाठता येत होती. चिकलठाण्याला सायकल पुरत होती. वाळूज आणि शेंदऱ्याला इंजिनाशिवाय जाता येत नाही. आणि बिडकीन तर वेगळेच गाव आहे.

याच काळात शहरही फुगत गेले. १९९१ साली महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आत होती. २००१ साली ती पावणेनऊ लाखांच्या घरात गेली आणि २०११ साली पावणेबारा लाखांवर. ही माणसे कोठून आली? १९७२ च्या दुष्काळाने भूमिहीन मजुराला खेड्यातून उठवले. १९७८ साली विधिमंडळात विद्यापीठ नामांतराचा ठराव झाल्यानंतर मराठवाड्यात जी जाळपोळ झाली, तिने अनेक दलित कुटुंबांना गावच सोडायला लावले. त्यातले किती तरी जण या शहरात आले. भीमनगर-भावसिंगपुरा, मिलिंदनगर, रमानगर, मुकुंदवाडी, मिसारवाडी, आंबेडकरनगर या वस्त्यांमध्ये आपल्या माणसांनी पत्र्याचे, मग विटांचे घर बांधले. जागा मिळाली तेथे माणूस राहिला आणि काम मिळाले तेथे गेला. या दोहोंमधले अंतर त्याने स्वतः निवडले नव्हते. गावात महारवाडा गावकुसाबाहेर होता. शहरात कूस दिसत नाही, पण घर आणि काम यांच्यामध्ये किलोमीटरांची जी रांग उभी आहे, तिचे काम बऱ्याच अंशी तेच आहे.

सवय बदलली की बदलायला लावली?

आज शहरातली प्रवासाची सवय बदलली असे म्हटले जाते. पूर्वी सायकली दिसत, आता मोटारसायकली दिसतात. पूर्वी बसथांब्यावर रांग असे, आता रिक्षाच्या थांब्यावर गर्दी असते. ही प्रगती आहे, असे सांगितले जाते. सवय हा शब्द येथे फसवा आहे. माणूस चहात साखर किती घेतो ही सवय झाली. सकाळच्या पाळीला वाळूजला पोहोचायचे आहे, तेवढ्या लवकर मुकुंदवाडीहून थेट बस मिळत नाही, पंधरा मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो, म्हणून कर्ज काढून मोटारसायकल घ्यावी लागते. याला सवय म्हणत नाहीत, याला सक्ती म्हणतात.

ही सक्ती कशी आली ते समजून घेतले पाहिजे. मोठ्या कारखान्यात कायम नोकरी लागली की गणवेश, उपाहारगृह आणि कंपनीची बस या तीन गोष्टी सोबत मिळत. कंपनीची बस चौकात यायची, ठरल्या वेळी यायची, आणि उशीर झाला तर तो बसचा उशीर समजला जायचा, कामगाराचा नाही. म्हणजे घर ते कारखाना या अंतराची जबाबदारी निदान काही अंशी मालकाने मान्य केली होती. मग १९९१ नंतर खाउजा धोरण आले. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या तीन शब्दांवर आपल्या चळवळीने पुष्कळ लिहिले. आरक्षणाच्या जागा कशा संपल्या हे आपण बरोबर सांगितले. पण खाउजाने कामगाराची कंपनीच्या बसमधली जागाही काढून घेतली, हे फारसे सांगितले गेले नाही. कायम कामगार कमी झाले, कंत्राटी वाढले. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत शेजारी-शेजारी उभे राहणाऱ्या दोघांपैकी कायम कामगार बसने येतो आणि कंत्राटी कामगार आपल्या बळावर येतो, हे दृश्य औद्योगिक वसाहतींत नवे नाही. ठेकेदार म्हणतो, माझ्याकडे बस नाही. कंपनी म्हणते, हा आमचा कामगार नाही. दोघांच्या मध्ये तो रस्त्यावर उभा राहतो.

आता हिशेब मांडू. समजा एका तरुणाचे घर कारखान्यापासून १५ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ३० किलोमीटर झाले. गाडी लिटरला ५० किलोमीटर धावते असे धरले, तर रोज ०.६ लिटर पेट्रोल लागते. २०२१ साली पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. १०५ रुपये भाव धरला तर रोजचे ६३ रुपये आणि महिन्याच्या २६ दिवसांचे १६३८ रुपये झाले. गाडीचा हप्ता दोन-अडीच हजार, शिवाय टायर, ऑइल, विमा. म्हणजे निव्वळ कामावर पोहोचण्यासाठी महिन्याला चार हजारांच्या वर रुपये गेले. ज्याच्या हातात बारा-चौदा हजार पडतात, त्याच्या पगाराचा हा जवळपास तिसरा हिस्सा आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर महिन्याचे पहिले आठ-नऊ दिवस तो कामावर येण्यासाठीच काम करतो.

वेळेचा हिशेबही असाच आहे. जायला एक तास, यायला एक तास धरला तर महिन्याला ५२ तास होतात. आठ तासांच्या साडेसहा पाळ्या! या साडेसहा पाळ्यांचा एक पैसाही मिळत नाही, उलट पदरचे पैसे मोजावे लागतात. कारखाने कायद्यात दुरुस्ती करून आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री या नात्याने मांडले. आठवड्याचे सहा तास कामगाराच्या आयुष्यात परत यावेत, त्याला विश्रांती, वाचन, कुटुंब यांसाठी वेळ मिळावा, हा त्याचा अर्थ होता. बाबासाहेबांनी मिळवून दिलेले सहा तास आज वाळूजच्या आणि शेंदऱ्याच्या रस्त्यावर धूर खात संपतात. त्यावर दिवसाची मर्यादा १२ तास झाली, तर पाळी आणि प्रवास मिळून १४ तास होतात. उरलेल्या दहा तासांत झोपायचे, जेवायचे, मुलांचा अभ्यास घ्यायचा आणि संघटनेच्या बैठकीलाही जायचे! चळवळीच्या बैठकांना तरुण येत नाहीत अशी तक्रार आपण करतो. त्याचे एक कारण या रस्त्यावर सापडेल.

शंभर बसचे शहर

यावर उत्तर काय असते? सार्वजनिक बस. या शहराने शहर बसचे प्रयोग पुष्कळ केले. कधी एस.टी. महामंडळाने बस चालवली, कधी महापालिकेने ठेकेदाराकडून चालवून घेतली. जानेवारी २०१९ पासून स्मार्ट सिटी योजनेतून शंभर बसचा ताफा उभा करून नवी सेवा सुरू झाली. नव्या बस आल्या, लोक बसू लागले, हे चांगलेच झाले. पण शंभर हा आकडा या शहरासाठी किती आहे?

केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीची जी मानके ठरवली, त्यानुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असतील तर सेवा चांगली समजतात आणि ०.२ पेक्षा कमी असतील तर ती सर्वांत खालच्या पायरीवर धरतात. २०११ ची जुनी लोकसंख्या घेतली तरी चांगल्या सेवेसाठी या शहराला सुमारे ७०५ बस लागतात. खालच्या पायरीतून नुसते वर येण्यासाठी २३५ लागतात. शंभरच्या शंभर बस रोज रस्त्यावर धावल्या तरी प्रमाण ०.०९ च्या आत राहते. त्यानंतरच्या वर्षांत लोकसंख्या वाढली, वाळूज परिसरातील बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर ही गावे गावे न राहता दाट वस्त्या बनल्या. तेव्हा खरे प्रमाण याहून कमीच भरेल.

मग दोन बसच्या मधली पोकळी कोण भरून काढतो? रिक्षा. तीन माणसांच्या जागेत पाच-सहा बसवून नेणारी शेअर रिक्षा ही या शहराची खरी सार्वजनिक वाहतूक आहे. रिक्षावाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. तोही बहुधा कर्जाचे हप्ते फेडणारा आपल्याच वस्तीतला, नाहीतर शेजारच्या मुस्लिम मोहल्ल्यातला बेरोजगार तरुण असतो. सरकारने जे काम करायचे ते तो धोका पत्करून करतो, आणि दंडाची पावती मात्र त्याच्या हातात पडते.

बाईच्या वाट्याला तर रिक्षाही सहज येत नाही. २०११ च्या जनगणनेने लोक कामावर कसे जातात याचे आकडे प्रसिद्ध केले. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणारे सुमारे वीस कोटी लोक देशात होते. त्यांपैकी सुमारे साडेचार कोटी पायी जात होते, अडीच कोटींहून अधिक सायकलवर जात होते, आणि मोटारगाडीने जाणारे अर्ध्या कोटीच्या आसपास होते. पायी चालणाऱ्या या कोट्यवधींमध्ये सिडकोच्या चार-पाच घरांची धुणीभांडी करायला मिसारवाडीहून निघालेली बाई येते. पहाटे रस्ता झाडायला निघालेली सफाई कामगार येते. शहराला जाग येण्याआधी शहर स्वच्छ झालेले पाहिजे, पण त्या वेळी तिच्यासाठी बस हवी असे शहराला वाटत नाही. घरकाम करणारी बाई बसचे पैसे वाचवण्यासाठी चालते. त्यामुळे चालत पोहोचता येईल एवढ्याच घरांची कामे ती धरू शकते आणि त्या गल्लीतला जो दर असेल तो घेते. बस असती तर ती दुसऱ्या भागात जाऊन चार पैसे जास्त मागू शकली असती. बसचा आणि मजुरीच्या दराचा असा संबंध असतो. प्रवासाची सोय म्हणजे घासाघीस करण्याची ताकद.

याचा पुरावा ग्रामीण भागात मिळतो. एस.टी.ने शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास दिला, तेव्हा ज्या गावात शाळा नव्हती तेथील मुलगीही शाळेत जाऊ लागली. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले. नोकरीला, बाजाराला, माहेरी जाणाऱ्या बायांना त्याचा आधार झाला. भाडे कमी झाले की माणूस घराबाहेर पडतो, बाहेर पडला की त्याला जग दिसते आणि आपली किंमत कळते. म्हणूनच प्रवास ही व्यवस्थेला नेहमी धोकादायक वाटलेली गोष्ट आहे.

दुप्पट भाड्याचा इतिहास

प्रवास आणि जात यांचा संबंध आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांच्या आत्मकथनपर आठवणींतले मोठे प्रसंग प्रवासातलेच आहेत. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसोबत वडिलांकडे निघाला. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला तो दोन अटींवर: भाडे दुप्पट, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. १९२९ साली ते अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते, बॅरिस्टर होते. तरी चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना महारवाड्यात घेऊन जाईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम धरला, पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ साली याच शहराजवळच्या दौलताबाद किल्ल्यावर, प्रवासाची धूळ हौदाच्या पाण्याने धुतली म्हणून त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अपमान झाला.

या प्रसंगांत पाण्याचा अपमान आपण लक्षात ठेवला, वाहनाचा अपमान तेवढा ठेवला नाही. दुप्पट भाडे द्यायला लावणे, वाहन स्वतःच हाकायला लावणे आणि अपघात झाला तर तो स्वतःच्या नशिबावर टाकणे, ही त्या वेळची पद्धत होती. आजच्या कंत्राटी कामगाराकडे पाहावे. पगाराच्या मानाने तो साहेबाच्या कितीतरी पट भाडे मोजतो. वाहन त्याने स्वतःच आणायचे, स्वतःच चालवायचे. आणि रात्रीच्या पाळीहून परतताना ट्रकने उडवले तर तो कामावर नव्हता, असे सांगितले जाते. आज त्याला कोणी जात विचारत नाही, हा फरक खराच आहे आणि मोठा आहे. एस.टी.च्या लाल बसने आणि शेअर रिक्षाने खांद्याला खांदा लावून बसायला लावले, हे समतेचे काम कोणत्याही उपदेशाने झाले नसते. पण अटी बऱ्याच अंशी त्याच राहिल्या.

मोटारसायकलविषयी येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ती वाईट आहे असे म्हणणे नाही. ज्या समाजाच्या नवरदेवाने घोड्यावर बसले तरी आजही काही गावांत दगड पडतात, त्या समाजातला मुलगा स्वतःच्या गाडीवर, निळा झेंडा लावून, ताठ मानेने गावातून जातो याला अर्थ आहे. तो अर्थ पर्यावरणाच्या नावाने गाडी सोडायला सांगणाऱ्या, स्वतः वातानुकूलित मोटारीत बसणाऱ्या शहाण्यांना कळणार नाही. गाडी असणे हा अभिमान असू शकतो. पण गाडीशिवाय पोट न भरणे ही गुलामी आहे. हा भेद आपण केला पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. राज्याच्या पैशातून राखलेल्या रस्त्याच्या वापराबाबत जातीच्या कारणाने कोणावर बंधन घालता येत नाही. हिमाचल प्रदेशातील डोंगरी भागातल्या गरीब दलित रहिवाशांनी आपल्या वस्तीपर्यंत रस्ता हवा म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले. तेव्हा १९८६ साली उमेदराम शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्याचा संबंध कलम २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला. त्याआधी १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचे साधन हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला होता. उपजीविका हा हक्क आणि तिथपर्यंतची वाट हाही हक्क! मग त्या वाटेवरची बस ही सरकारची मेहेरबानी कशी?

याहून महत्त्वाचा निकाल आपल्या मराठवाड्यातल्या माणसाचा आहे. धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला. कारखाना पाच किलोमीटरवर राहिला असताना अपघातात त्याचा मृत्यू झाला. नुकसानभरपाई आयुक्तांनी कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. अपघात कामाच्या ठिकाणी झाला नाही, या कारणाने २०११ साली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला न्याय दिला. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना अपघात झाला आणि त्या प्रवासाचा वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला, तर तो नोकरीतूनच उद्भवलेला अपघात मानावा, असे न्यायालयाने स्पष्ट केले. राज्य विमा योजनेच्या कायद्यात ही तरतूद २०१० सालीच आली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे तत्त्व घेतले आहे.

एका पहारेकऱ्याच्या कुटुंबाला हे ऐकण्यासाठी बावीस वर्षे लागली. पण या निकालाने एक मोठी गोष्ट मान्य केली: कामावर जाण्याची वाट हा कामाचा भाग आहे. मरणाच्या वेळी ही वाट कामाचा भाग असेल, तर जिवंतपणी का नाही? मेल्यावर भरपाई देता, तर जिवंत असताना पास का देत नाही? चळवळीने हा प्रश्न हाती घेतला पाहिजे.

वाटेची जबाबदारी कोणीच घेतली नाही तर काय होते, हे या जिल्ह्याने ८ मे २०२० रोजी पाहिले. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशातील मजूर गावी जाण्यासाठी रेल्वेगाडी मिळेल या आशेने भुसावळकडे पायी निघाले. रस्त्याने जायची सोय नव्हती म्हणून रुळांवरून चालले, करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले, आणि पहाटे मालगाडीखाली १६ जण मेले. काम घेणारे होते, काम करणारे होते, फक्त मधल्या वाटेचा धनी कोणी नव्हता.

जगात काय होते?

हे सारे आपल्याकडे शक्य नाही, पैसा कोठून आणणार, असे म्हणणारे लगेच पुढे येतात. ब्राझील हा काही श्रीमंत देश नाही. तेथे १९८५ साली कामगारांच्या प्रवासखर्चाचा कायदा झाला आणि १९८७ पासून तो मालकांवर बंधनकारक करण्यात आला. कामगाराने मूळ पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंतच बसभाडे सोसायचे, त्यावरचे मालकाने द्यायचे. वरच्या हिशेबातील बारा हजार पगाराच्या तरुणाला हा नियम लावला, तर त्याचा वाटा ७२० रुपये होतो. आज तो चार हजार घालतो. फ्रान्समध्ये पॅरिस परिसरात १९७१ पासून आणि इतर शहरांत १९७३ पासून मालकांकडून खास वाहतूक कर घेतला जातो आणि त्यावर शहराच्या बस आणि रेल्वे चालतात. बसमुळे कामगार वेळेवर पोहोचतो, त्याचा फायदा मालकाला होतो, तेव्हा मालकानेही पैसे द्यावेत, असा त्यामागचा साधा विचार आहे.

आणि अमेरिकेतील माँटगोमेरीचा लढा तर आपल्या चळवळीला परका नाही. १९५५ च्या डिसेंबरात शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि कृष्णवर्णीय कामगार, मोलकरणी ३८१ दिवस बसमध्ये चढल्या नाहीत. त्यांनी नुसता बहिष्कार घातला नाही. रोज हजारो माणसांना कामावर पोहोचवणारी मोटारींची पर्यायी व्यवस्था चर्चच्या अंगणातून चालवली. मागणीबरोबर त्यांनी व्यवस्थाही उभी केली, म्हणून ते जिंकले.

आपल्याकडचे नियोजन कोणासाठी चालते ते पाहा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या शहराला लागून, माळीवाडा आणि सावंगीवरून जातो. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला बंदी आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ती बरोबरही असेल. पण ज्या शहरात मोटारसायकली आणि रिक्षा तयार होतात, ज्या शहरातील कामगार त्यांच्यावरच जगतो, त्याच्या शेजारून जाणाऱ्या समृद्धीवर त्याच्या वाहनाला जागा नाही. शहरात वाळूज ते शेंद्रा अखंड उड्डाणपूल आणि मेट्रो यांची चर्चा २०२२ पासून ऐकू येते. मेट्रो यायची तेव्हा येवो. उद्या सकाळच्या पाळीसाठी बस पाहिजे, त्याचे काय?

मागण्या अवघड नाहीत. औद्योगिक वसाहतींच्या पाळ्या सुरू होण्याआधी आणि सुटल्यानंतर मुकुंदवाडी, मिसारवाडी, भावसिंगपुरा, मिलिंदनगर येथून थेट शहर बस सुटली पाहिजे. सफाई कामगारांच्या हजेरीच्या वेळेला बस असली पाहिजे. जेथे कंपनीची बस आहे तेथे कंत्राटी कामगाराला तीत जागा मिळाली पाहिजे, आणि जेथे नाही तेथे मूळ मालकाने पास काढून दिला पाहिजे. उद्योगांनी शहर बससाठी वाटा उचलला पाहिजे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्राने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली. तो मार्ग होताना लासूर ते जालना या टप्प्यात पाळ्यांच्या वेळी लोकल गाड्या आणि मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड येथे थांबे हवेत. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाला आहे. कामाचे अंतर आणि प्रवासाचे साधन यांचे आकडे जातवार आणि वॉर्डवार प्रसिद्ध झाले पाहिजेत. मग या शहरात कोण चालतो, कोण कर्जाच्या गाडीवर जातो आणि कोण मोटारीत बसतो, हे सरकारी कागदावरच दिसेल.

आपली चळवळ गाड्या भरून दीक्षाभूमीला जाते, चैत्यभूमीला जाते, मोर्चाला जाते. एका रात्रीत शेकडो गाड्यांची व्यवस्था करण्याचे कसब आपल्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांकडे आहे. ते कसब वर्षाचे चार-दोन दिवस वापरून उरलेले दिवस ठेकेदाराच्या आणि सावकाराच्या भरवशावर का सोडायचे? वस्तीवस्तीत कोण कोठे कामाला जातो, किती वाजता निघतो, किती पैसे घालतो, याची यादी आठवड्याभरात तयार होऊ शकते. ती यादी घेऊन महापालिकेत, कामगार आयुक्तांकडे आणि औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयात जाता येते. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याच्या हातातही ती देता येते. रस्ता मोठा करून देतो असे तो सांगेल. त्याला एवढेच विचारावे, त्या रस्त्यावरून आमच्या वस्तीतली पहिली बस किती वाजता सुटणार?

जयभीम.